पाठवलेला माणूस

वाशीमच्या बाजारात, मिरचीच्या पालांपाशी, इंद्रभान मास्तर येशूच्या तारणावर, म्हणजे पापातून सुटकेवर, बोलत होता आणि बोलता बोलता त्याच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला. तसं त्याचं भाषण त्या जागी दर बाजाराला व्हायचं. एरवी तो मिशनच्या शाळेतला मास्तर, बाजाराच्या दिवशी उपदेशक. एक सोबती गळ्यात पेटी अडकवून दोन भजनं म्हणायचा, चार माणसं जमायची, मग मास्तर सुरू व्हायचा. बोलणं इतकं अंगवळणी पडलेलं की जीभ आपली चालत राहायची आणि डोळे खुशाल कोणाच्या टोपलीत वांगी कशी आहेत ते बघत फिरायचे. आज जीभ म्हणत होती की कोणीही येवो, कसाही येवो, तारण फुकट आहे, कारण आपल्या जागी दुसरा कोणी मेला आहे. तेवढ्यात गर्दीतून फय्याज पिंजारी पुढं आला. खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली, दाढीत कापसाचे तंतू. गाद्या-रजया पिंजत तो पार शेलूबाजारापर्यंत गावोगाव हिंडायचा आणि कापसाबरोबर गावोगावच्या बातम्याही पिंजायचा. तो मधेच म्हणाला, “मास्तर, तो आसेगावचा जगदेव पाटील तुमच्याकडं शिकाले येत होता ना? त्याचं काही खरं नाही आता. भावानं गोठ्यात नेऊन टाकला त्याले. आज हाये, उद्याचं अल्ला जाने.” एवढं बोलून तो मिरचीच्या ढिगात हात घालून तिखट किती आहे ते विचारायला लागला. इंद्रभान तसाच उभा. ‘कोणीही येवो’ हे पुन्हा म्हणायचं होतं, पण ते काही तोंडातून निघेना. सोबत्यानं दोन क्षण वाट पाहिली, मग आपणच पेटी दाबली आणि भजन धरलं.

आता खरं सांगायचं तर त्याच्या मनात पहिल्यांदा उमटलं ते दुःख नव्हतं. सुटलो, असं उमटलं. लाज वाटावी असं ते होतं, पण उमटलं खरं, आणि त्याच्या पाठोपाठ त्यानं जवळच्या बैलगाडीचं चाक घट्ट धरलं. कोणी म्हणालं, मास्तरला ऊन लागलं. कसलं ऊन! दिवाळी होऊन गेलेली, हवेत गारठा, अंगात बंडी. त्यानं चाक धरलं होतं आणि त्याच्या डोळ्यांसमोर जगदेव पाटलाची ओंजळ आली होती. म्हाताऱ्या होत चाललेल्या हातांची, बोटं घट्ट जुळवलेली ओंजळ, आणि वरून पडणारी पाण्याची धार. ती धार इंद्रभाननं सोडली होती, शाळेच्या ओट्यावर उभं राहून, तांब्या उंच धरून. आसेगावचा पाटील खाली जमिनीवर उकिडवा बसला होता आणि ओंजळीनं पाणी पीत होता. ज्या धारेखाली इंद्रभानचा बाप जन्मभर प्याला, आजा प्याला, ती धार आज उलट्या बाजूनं पडते आहे हे पाहताना त्याच्या छातीत काहीतरी थंड थंड झालं होतं. पाटील पाणी प्याला, ओले हात तोंडावरून फिरवले आणि धडा ऐकायला सरसावून बसला.

तो पेटीवाल्याला काही न सांगता घरी आला. वाटेत चर्चच्या पाळकांच्या बंगल्यावर डोकावला, तर पाळक दौलतसिंग खेड्यांच्या दौऱ्यावर गेलेले. ते असते तर फार बरं झालं असतं. ते म्हणाले असते, जा मास्तर, किंवा म्हणाले असते, राहू द्या. काहीही म्हणाले असते तरी चाललं असतं. हुकमाची माणसाला किती सोय असते हे इंद्रभानला तेव्हा कळलं. घरी पंचफुला, त्याची बायको, चुलीपुढं भाकरी थापत होती. आसेगावला जाऊन येतो, म्हणाला. कोणी बोलावलं, तिनं विचारलं. कोणी नाही. पाळकानं सांगितलं? नाही. मग काहून जाता? त्यानं नुसतं जगदेव पाटलाचं नाव घेतलं. पंचफुलानं तव्यावरची भाकरी काढली, चटणीसंगं फडक्यात बांधली, त्याच्या हातात दिली आणि मान वर न करता म्हणाली, “त्या दिशी तुमी त्याले वरून पाणी पाजलं, ते मले आवडलं नव्हतं.” इतके दिवस ती हे बोलली नव्हती. इंद्रभान फडकं घेऊन बाहेर पडला.

मंगरूळकडं सरकी घेऊन जाणारी एक बैलांची दमणी मिळाली, तीत तो मागं पाय सोडून बसला. बैल चांगले होते, पण आज त्याला ते मुद्दाम हळू चालतात असं वाटत होतं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, बाया वेचत होत्या, त्यांच्या ओट्या पुढं आल्या होत्या. त्याला वाटलं, ही वाट कशी साळसूद दिसते. याच मुलखातल्या वाटांवर बाप घुंगरकाठी वाजवत चालला. पुंजाजी वेसकर. पाटलाच्या दारातला हुकमाचा माणूस, गावात मौत झाली की नात्यागोत्याच्या गावांना सांगावा नेणारा. मौतीच्या सांगाव्याचे कायदे लहानपणीच त्याच्या हाडात भिनले होते. सांगावा घेतला की काठी खाली टेकवून बसायचं नाही. कोणाच्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही, स्वतःच्याही नाही. अर्ध्यातून परत फिरायचं तर नाहीच नाही. फिरला तर मौत मागं मागं त्याच्या घरात येते, असं म्हणायचे. तहान लागली तर कोणी वरून धार सोडेल, ती प्यायची आणि चालू लागायचं. ज्याला निरोप द्यायचा त्याच्या अंगणाबाहेर उभं राहून सांगायचं, आणि तिथला आकांत सुरू झाला की मग कुठं काठी भुईवर टेकवायची.

मानमोडीच्या सालची गोष्ट. माणसं सकाळी शेतात गेलेली दुपारी गारठून यायची आणि दुसऱ्या दिवशी उचलावी लागायची, असा तो ताप. पाटलाच्या घरात थोरला भाऊ गेला. त्याच दिवशी इंद्रभानची माय अंथरुणावर होती, ओठ काळे पडलेले, श्वास खोल विहिरीतून काढावा तसा. बाप पहाटेच पाटलाकडं गेला होता. जाताना म्हणाला होता, सांगून येतो त्यायले, आजचा दिवस दुसऱ्या कोणाले धाडा म्हून. पोर दारात बसून राहिलं. मग घुंगरं वाजली. बाप आला, पण दाराकडं आला नाही. रस्त्यावर, दारापासून बैल वळेल एवढ्या अंतरावर उभा राहिला, काठी हातात उचलून धरलेली. आतून मायनं आवाज ओळखला, तिनं हाक मारली. नाव घेऊन नव्हे, नाव घेत नसतच, नुसतं “आले काय?” असं. बाप रस्त्यावरूनच पोराला म्हणाला, तुया मायले पाणी पाज. आणि शेलूबाजाराच्या वाटेला लागला. घुंगरं कितीतरी वेळ ऐकू येत राहिली. त्या आवाजावर माय मान वळवून होती. पोरानं पाणी पाजलं, ते तिच्या गळ्याखाली उतरलं नाही, कानशिलावरून ओघळून वाकळीत मुरलं. बाप परत आला तेव्हा शेजाऱ्यांनी तिला मूठमाती दिली होती.

पुढं किती वेळा त्यानं बापाला विचारलं. लहानपणी रडून, मोठेपणी भांडून. काहून गेला तू? पुंजाजीचं उत्तर एकच. पाठवलं, गेलो. त्या दोन शब्दांवर बाप उरलेलं आयुष्य काढून गेला. इंद्रभान मिशनच्या शाळेत आला, शिकला, बाप्तिस्मा घेतला, मास्तर झाला. पण आसेगावच्या पाटलाचं नाव त्यानं मनाच्या एका कोपऱ्यात असं जपून ठेवलं होतं जसं कोणी विळा धार लावून आढ्याला खोचून ठेवतो. थोरला भाऊ मेल्यावर घरात हुकूम चालत होता तो मधल्या भावाचा, जगदेवचा. पाठवणारा तोच.

आणि देवाची करणी पाहा, तोच खोकत खोकत वाशीमला मिशनच्या दवाखान्यात आला! छातीचा रोग. बाकावर बसून त्यानं काय ऐकलं कोण जाणे, पण एक दिवस पाळकांपुढं जाऊन म्हणाला, मले शिकायचं हाये. पाळक नागपूरकडचे, त्यांना आसेगाव काय आणि पुंजाजी काय; ते आनंदून इंद्रभानला म्हणाले, तुमच्याच गावचे गृहस्थ आहेत मास्तर, तुम्हीच यांना शिकवा. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत एक शिस्त होती. बाप्तिस्म्याचं पाणी कोणाला द्यायचं ते पाळक ठरवत, पण आधी शिकवणाऱ्यानं उभं राहून म्हणायचं की याला उमगलं. त्या एका शब्दावर सगळं अडायचं. इंद्रभाननं कितीतरी जणांसाठी तो शब्द उदारपणे उच्चारला होता. धडा पाठ केलेल्या म्हाताऱ्यांसाठी, अर्धा धडा विसरलेल्या बायांसाठी. आता तोच शब्द त्याच्या मुठीत होता आणि मुठीखाली जगदेव पाटील होता. शिकवणीला तो त्याला ओट्याखाली बसवायचा. अवघड अवघड प्रश्न विचारायचा. पाप म्हणजे काय पाटील? कृपा म्हणजे काय? कर्मानं तारण का होत नाही? पाटील धापा टाकत, शब्द शोधत उत्तरं द्यायचा, आणि मास्तर मान हलवायचा, नाही, पुन्हा. शिकवणं कसलं, छळच तो.

दमणी एका नाल्यात उतरली. गाडीवानानं बैलांना पाणी दाखवलं. इंद्रभानच्या मांडीवर भाकरीचं फडकं तसंच होतं. परतावं, असं एकदम वाटलं. पाळकांना काही माहीत नाही, आपल्याला कोणी धाडलेलं नाही, इथून वाशीमकडं जाणारी गाडी मिळेल, आणि उद्यापर्यंत सगळं आपसूक मिटेल. शिवाय पाळक स्वतःच शिकवतात की पाणी काही तारत नाही, तारतो तो देव. मग बाप्तिस्म्याविना मेला म्हणून काय बिघडलं? हे मनाशी म्हणून त्याला घटकाभर बरं वाटलं. पण लगेच दुसरं मन उठलं. पाणी तारत नाही हे खरं. पण उत्तर? त्यानं तुला काय विचारलं होतं मास्तर, आणि तू काय केलंस?

शेवटच्या शिकवणीला पाटलानं प्रश्न विचारला होता. तोवर विचारायचा तो इंद्रभानच. त्या दिवशी खोकल्याची उबळ बसल्यावर पाटील त्याच्याकडं सरळ बघत म्हणाला, तू पुंजाजीचा हायेस, हे मले पहिल्या दिवसापासून ठावं होतं. म्हणूनच तुयापाशी बसलो, नाही तर पाळकापाशीच बसलो असतो. इंद्रभानच्या हातातली खडूची कांडी तिथंच थांबली. मग पाटील बोलत राहिला, हळू, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा.

“घोडी बांधेल होती अंगणात. खोगीर चढवेल. शेलूबाजारले म्याच जाणार होतो, माह्या सख्ख्या भावाचा सांगावा तो. पण तिकडं मानमोडी लई जोरात होती, मले भेव वाटलं. तेवढ्यात तुया बा आला. हात जोडले. बायको बेजार हाये म्हणे. म्या घोडीकडं पाह्यलं, त्याच्याकडं पाह्यलं, अन् म्हटलं, जाय. माह्या जागी त्याले धाडलं, अन् घरात जाऊन बसलो.”

ओट्यावर चिमण्या दाणे टिपत होत्या. इंद्रभानला त्या वेळी राग येत होता की काय होत होतं हे त्याला आजही सांगता येणार नाही. घोडी! इतकी वर्षं त्याला वाटत होतं की कोणीतरी जायलाच हवं होतं, ते बापाच्या नशिबी आलं. अंगणात खोगीर चढवलेली घोडी उभी होती हे बापही कधी बोलला नव्हता. बापानं ती पाहिली असणार. पाहून, काठी उचलून, मायच्या दारावरून गेला असणार.

“आता एक सांग,” पाटील म्हणाला. “तुमचा येशू माह्या जागी मेला म्हंता. तो आपल्या मनानं आला, का त्याले कोणी पाठवला? पाठवला असंन तर मले तो नको. एक माणूस म्या असाच पाठवला हाये.”

उत्तर इंद्रभानच्या दाताशी येऊन उभं राहिलं होतं. शाळेतली पोरंसुद्धा ते घोकतात. मेंढपाळाचा, म्हणजे येशूचा, जीव कोणी त्याच्यापासून हिसकून घेत नाही, तो आपण होऊन देतो. देवबापानं धाडलं हे खरं, पण लेकाचं मन बापाच्या मनाहून वेगळं नव्हतं, घोडी कोणी लपवली नव्हती, तोच घोडीवरून उतरला आणि पायी निघाला. एवढंच सांगायचं होतं. सांगितलं असतं तर समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर काय उमटलं असतं ते इंद्रभानला दिसत होतं, आणि तेच त्याला नको होतं. माझी माय पाणी गळ्याखाली न उतरता गेली, आणि यानं ओट्याखाली बसून एका वाक्यात मोकळं व्हावं? त्यानं खडू खाली ठेवला. पाहू, म्हणाला, पाळकायले इचारतो. आणि पाळकांना जाऊन सांगितलं की आसेगावच्या पाटलाला अजून उमगलं नाही. पाळक हळहळले. बरं, मग पुनरुत्थानाच्या सणाला, ईस्टरला पाहू, म्हणाले. त्यानंतर पाटील दोनदा विचारायला आला, मास्तर, इचारलं काय? नाही अजून, इंद्रभान म्हणाला. मग तो आलाच नाही. वाशीमच्या मंडळीत आजवर इतकं नेमकं कोणाला उमगलं नव्हतं, आणि हे इंद्रभानला ठाऊक होतं.

फाट्यावर दमणी सोडून तो पायी निघाला. उन्हं कलायला लागली होती. चालताना त्याला स्वतःच्या पायांचा आवाज येत होता आणि त्यात घुंगरं नाहीत हे चमत्कारिक वाटत होतं. फुकट, फुकट म्हणून बाजारात ओरडायला काय जातं! ज्याला मिळतं त्याला फुकट. माय कोणाची गेली? तिचा जाब कोणी द्यायचा? हा सुटला तर तो भार कुठं जाईल, हवेत तर विरणार नाही. कोणाच्या तरी छातीवर येऊन बसेल. माझ्याच बसेल. याला माफ म्हणायचं म्हणजे मायचं मरण मी माझ्या अंगावर घ्यायचं आणि पुन्हा कोणाकडं मागायचं नाही. इतकी वर्षं येशूच्या वधस्तंभाची गोष्ट सांगताना त्याला तो लाकडाचा, चित्रातला दिसायचा. आज पहिल्यांदा त्याला ते वजन कळलं, आणि कळून त्याला संताप आला. देवाचाही आला. असलं काही तू कशाला केलंस, आणि केलंस ते केलंस, आता मला कशाला करायला लावतोस? तो चालता चालता मोठ्यानं बोलत होता. कापूस वेचणारी एक बाई कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघत राहिली.

मी पापी आहे, असं तो रोज प्रार्थनेत म्हणायचा. पाढे म्हणावेत तसं. मनातून त्याला कधी ते खरं वाटलं नव्हतं. पापी ते, पाठवणारे. आपण तर ज्यांच्यावर झालं त्यांच्यातले. तारण त्याला मिळालं होतं ते जणू नुकसानभरपाई म्हणून. आणि आता या धुळीच्या वाटेवर, कुठून कोण जाणे, ती घोडी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. खोगीर चढवलेली, दोरी खुंट्याला. जगदेवपाशी घोडी होती, इंद्रभानपाशी उत्तर होतं. जगदेवसमोर पुंजाजी हात जोडून उभा होता, त्याच्यासमोर जगदेव दोनदा येऊन उभा राहिला होता. त्यानंही पाहिलं होतं आणि घरात जाऊन बसला होता. पाटलाला निदान भीती वाटली होती, इंद्रभानला तर गोड वाटलं होतं. तो बांधावर बसला आणि त्याच्या तोंडून पाढ्यातली ती ओळ निघाली, पण आज ती पाढ्यासारखी निघाली नाही.

तेवढ्यात घुंगरं वाजली. आधी वाटलं, भास. मग बाभळीच्या वळणावरून एक माणूस आला, काठी उचलून धरलेली, झपाझप, आसेगावकडून शेलूबाजाराच्या बाजूला. इंद्रभान उठून वाटेत आडवा उभा राहिला. गावचा आताचा वेसकर, सोमला, ओळखीचा. कोणाचा सांगावा, इंद्रभाननं विचारलं. सोमलानं काठी भुईवर टेकवली, आणि टेकवली यातच अर्धं उत्तर होतं, पण ते ध्यानात यायला वेळ लागला. मौतीचा नाही मास्तर, सोमला म्हणाला, पाटलाच्या पोरीले आणाले चाललो, लवकर ये म्हून. मग जवळ सरकून त्यानं हळूच सांगितलं की जीव हाये, पण नुसता. आणि पुढं तोंड वाकडं करून असंही सांगितलं की धाकटा पाटील कोणाले तिकडं जाऊ देत नाही, ख्रिस्त्यांच्या हातचं पाणी पेला म्हून. इंद्रभान धावतच सुटला. मास्तर माणूस, धोतराचा सोगा हातात धरून.

गाव आलं तेव्हा सूर्य झाडांच्या शेंड्यांवर होता. आपलं जुनं घर जिथं होतं तिथं आता एरंड माजला होता. तो त्याच्याकडं बघून न बघता पुढं गेला. पाटलाच्या अंगणाच्या टोकाला गोठा. गोठ्याच्या दाराबाहेर जगदेवची बायको, रंगूबाई, पदर तोंडाशी धरून बसलेली. धाकटा पाटील अंगणातल्या बाजेवर, तंबाखू मळत. त्यानं इंद्रभानला पाहिलं, मळणारा अंगठा थांबला, पण तो उठला नाही. रंगूबाईनं सवयीनं हात केला, त्या दगडाकडं. अंगणाच्या कडेचा चपटा दगड, वेसकरानं उभं राहायची जागा. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हात आपोआप तिकडं गेला होता. इंद्रभान त्या दगडाशी जाऊन उभा राहिला. पाय आपोआप तिकडं गेले होते. इथंच बाप उभा होता. इथून घोडी दिसत असणार, त्या खुंट्याला. बापाला पुढं यायची मुभा नव्हती, आणि मागं फिरायचीही नव्हती. इंद्रभाननं श्वास घेतला, दगडावरून उतरला, अंगण ओलांडलं, आणि धाकट्या पाटलाची नजर पाठीत रुतलेली असताना गोठ्याच्या उंबऱ्यातून वाकून आत गेला. मागून काही झालं नाही. रंगूबाई त्याच्या मागोमाग आत आली.

आत शेणाचा आणि औषधाचा वास होता. जगदेव कडब्यावर घोंगडी टाकून निजला होता. गालांची नुसती हाडं. डोळे मात्र जागे होते. त्यानं इंद्रभानला ओळखलं, आणि बऱ्याच वेळानं, श्वासाश्वासाला थांबत म्हणाला,

“पाळकानं धाडलं काय?”

“नाही.” इंद्रभान त्याच्याजवळ जमिनीवर बसला. “कोणी नाही धाडलं. आपल्या मनानं आलो.”

पाटील त्याच्याकडं बघत राहिला. गोठ्याच्या कौलातून तांबडा उजेड त्याच्या छातीवर पडला होता आणि छातीबरोबर वरखाली होत होता. इंद्रभानला घाई झाली होती, जीव जायच्या आत सगळं बोलायची, पण बोलायला फारसं काही उरलं नाही असंही वाटत होतं. त्यानं सांगितलं की तुमी इचारलं त्याचं उत्तर मले तवाच ठावं होतं, म्या देलं नाही, जाणून देलं नाही. पाळकायलेबी खोटंच सांगतलं.

जगदेवनं डोळे मिटले. गेला, असं वाटून रंगूबाई पुढं सरकली. पण त्याचे ओठ हलत होते.

“तोबी?” त्यानं विचारलं. “तोबी आपल्या मनानं?”

“तोबी,” इंद्रभान म्हणाला.

एक गाय रवंथ करत होती. जगदेवच्या चेहऱ्यावर हसू वगैरे काही आलं नाही. कपाळावरच्या आठ्या तेवढ्या एकेक करून सुटत गेल्या. त्यानं मानेनं पाण्याची खूण केली. रंगूबाईनं माठातून तांब्या भरला आणि काय वाटलं तिला कोण जाणे, तो खाली न ठेवता इंद्रभानच्या हातात दिला. तांब्या जवळ आलेला पाहून जगदेवनं घोंगडीवरचे हात महत्प्रयासानं उचलले आणि बोटं घट्ट जुळवली. ओंजळ केली. या मास्तरच्या हातचं पाणी कसं प्यायचं असतं ते त्याला ठाऊक होतं. इंद्रभाननं ती ओंजळ आपल्या हातानं सोडवली. मग डावा हात त्याच्या मानेखाली घातला, डोकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं आणि तांब्या त्याच्या ओठांना लावला. पहिला घोट बाहेर आला. दुसरा गळ्याखाली उतरला.